शुद्ध हरपलेल्यांची राखण

जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली लढाई आपण शाळेपासून तोफांच्या हिशेबात वाचत आलो. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याकडे तोफा किती होत्या, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाती किती लागल्या, हे कुठल्याही पुस्तकात सापडते. लढाई संपल्यानंतरचे दिवस मात्र कुणी फारसे उघडून पाहत नाही. इंग्रजांच्या बाजूचे ४२८ मेले आणि ११३८ जखमी झाले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला जालना घेणारा आणि २१ तारखेला बदनापुरात वेलस्लीशी पुढचा बेत ठरवणारा कर्नल स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रणांगणावर पोचला. पाठलागाला निघायला त्याला आणखी उशीर झाला, कारण त्याचे सर्जन जखमींपाशी अडकले होते. जखमींना दौलताबादच्या किल्ल्यात ठेवावे असा वेलस्लीचा विचार होता. निजाम इंग्रजांचा दोस्त, पण त्याच्याच किल्लेदाराने दार उघडले नाही. अखेर अजिंठ्याला इस्पितळ मांडावे लागले. मराठ्यांकडचे सुमारे १२०० मृतदेह पडले असा विजेत्यांचा अंदाज आहे. जखमी किती होते आणि त्यांना कुणी उचलले, याची मोजदाद कुणीच ठेवली नाही.

जखमीवर इलाज काय करायचा, याच्या आधी त्याला ठेवायचे कुठे आणि त्याच्याजवळ बसायचे कुणी, हा प्रश्न येतो. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्या माणसाच्या बाबतीत तो आठवडाभरात सुटत नाही. महिने जातात, कधी वर्षे जातात. गेल्या दहा वर्षांत अशा माणसांसाठी एक नवा इलाज चर्चेत आला आहे. कानाला ऐकू न येणारा, अतिशय उच्च कंपनांचा ध्वनी कवटीवरून आत सोडायचा आणि मेंदूच्या खोल भागातल्या थॅलॅमस या केंद्रावर नेमका टाकून ते जागे होते का पाहायचे. बातम्यांत तो ‘कोमातून उठवणारे यंत्र’ म्हणून येतो, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात अशी बातमी वाचणाऱ्यांत ज्यांच्या घरात तसा माणूस निजून आहे तेही असतात. माझे म्हणणे असे की या विषयात राखण नेहमी विद्येच्या पुढे चालत आली आहे. आधी कुणीतरी अशा माणसाला मरू दिले नाही, मग वैद्यकाला त्याच्याकडे नीट पाहता आले, आणि त्यानंतर इलाज सुचला. हा क्रम उलटा करू पाहिला की काय होते, तेही मराठवाड्याने एकदा पाहिले आहे, आणि तेही ध्वनीच्याच यंत्राबाबत.

असईच्या काळात इथल्या वैद्यापाशी आणि फौजेच्या सर्जनापाशी कोणती विद्या होती? वैद्याचा आधार चरकसंहिता. सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा शुद्ध हरपण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या दोषांचा वेग ओसरला की आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावाचून उतरत नाही, असा त्यातला भेद आजच्या कुठल्याही न्यूरोलॉजिस्टने दाद द्यावी इतका नेमका आहे. इलाज जबरे आहेत: तीक्ष्ण नस्य, धूर, सुयांनी टोचणे, नखाखाली वेदना देणे, केस ओढणे, खाजकुयली चोळणे. रोगी जरा सावध झाला की त्याला चकित करणाऱ्या गोष्टी दाखवाव्यात, जुन्या आठवणी द्याव्यात, गाणे-वाजवणे ऐकवावे. ध्वनीने जागे करण्याचा हा उल्लेख पाहून आजच्या अल्ट्रासाउंडचा पूर्वज सापडला असे कुणी म्हणेल. तो मोह टाळलेला बरा. त्या गाण्याचा रस्ता कानातून जातो, या ध्वनीचा कानाशी संबंधच नाही. नखावरच्या वेदनेची गोष्ट मात्र निराळी: बेशुद्धीची खोली मोजायला आजही अपघात विभागात बोटाच्या टोकावर पेन दाबून पाहतात. इंग्रज सर्जनांकडे कवटीला भोक पाडण्याचे ट्रेफाइन होते, रक्त काढण्याची पद्धत होती, आणि मेंदू नुसता हादरला आहे की आत रक्त साठून दबला आहे, हा वाद होता. वैद्य आणि सर्जन या दोघांचीही विद्या पहिल्या काही तासांची, फार तर दिवसांची. तिसऱ्या महिन्यातल्या बेशुद्ध माणसाबद्दल दोघांकडेही अक्षर नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. गिळता न येणाऱ्या माणसाला तेव्हा दीर्घकाळ अन्नपाणी देण्याचा खात्रीचा मार्ग नव्हता. तहानेने किंवा छातीत कफ साचून तो आठवड्या-दोन आठवड्यांत जाई. जो रोगी जगतच नाही, त्याचा रोग ग्रंथात कसा येणार?

पुढे १८२७ मध्ये जालन्याला पक्की छावणी बसली आणि १९०३ पर्यंत टिकली. कुंडलिकेच्या एका काठाला मस्तगडाचा किल्ला आणि जुने जालना, दुसऱ्या काठाला व्यापारी कादराबाद, आणि जवळच फौज. स्कॉटिश मिशनही इथे आले. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल वसवले, आणि जुन्या जालन्यातले मिशन हॉस्पिटल त्याच परंपरेतले. छावणी उठली तेव्हा जालना निजामाच्या राज्यातच राहिले, आणि याच राज्याच्या राजधानीत बेशुद्धीवर एक जगप्रसिद्ध वाद झडून गेला होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या आग्रहाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. दुसऱ्यासाठी सहावे निजाम महबूब अली खान यांनी १००० पौंड दिले आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना इंग्लंडहून पाठवले. शेकडो कुत्र्या-माकडांवर प्रयोग करून निष्कर्ष निघाला तो असा: क्लोरोफॉर्ममध्ये आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, म्हणून भूल देणाऱ्याने नजर श्वासावर ठेवावी, नाडीत लक्ष घालू नये. श्वासाकडे डोळ्यांत तेल घालून पाहण्याची ही शिस्त मोलाची होती आणि तिने माणसे वाचली. पण लॉरींचा सिद्धांत अपुरा ठरला. १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय अचानक थरथरून बंद पडू शकते. नुसती नजर पुरत नाही, ती कुठे लावायची हे आधीच ठरवून टाकले तर समोरचेही दिसत नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

दीर्घकाळ बेशुद्ध राहणारा माणूस हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेला रोगी आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वास बंद पडलेल्या मुलांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली, आणि यंत्रे पुरेशी नव्हती म्हणून सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी पिशव्या हाताने दाबत मुलांना जगवले. आजचा आयसीयू तिथून निघाला. व्हेंटिलेटर, नाकातली नळी, सलाइन आले आणि मेंदूला जबर इजा झालेली माणसे जगू लागली. काही डोळे उघडू लागली, झोपेचे आणि जागेपणाचे चक्र परत आले, पण आत कुणी आहे की नाही ते कळेना. या अवस्थेला ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ मध्ये ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव दिले. १९७४ मध्ये जेनेट आणि ग्रॅहम टीसडेल यांनी ग्लासगो कोमा स्केल मांडले: डोळे, बोलणे, हालचाल, तीनपासून पंधरापर्यंत गुण. आज जालन्यात अपघाताची केस येते तेव्हा डॉक्टर पहिल्या ओळीत लिहितात ते हेच गुण. पोटावरची सोनोग्राफीही ग्लासगोचीच, इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये मांडलेली. जालन्याचे मिशन स्कॉटिश होते म्हणून यांत काही धागा शोधू नये. योगायोग आहे, पण गमतीचा. महत्त्वाचे हे की राखण करणारी यंत्रणा १९५२ची, आणि ज्यांची राखण होत होती त्यांचे वर्णन वीस वर्षांनंतरचे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या राखणीचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर हल्ला झाला. साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. ही इजा प्राणवायू तुटल्याची, डोक्यावर घाव बसल्याची नाही, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, धुतले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांत अंगावर एक बेडसोअर उमटला नाही, हे सर्वोच्च न्यायालयातही नोंदले गेले. ज्याने घरात असा रोगी सांभाळला आहे त्यालाच या वाक्याचे वजन कळेल: दर दोन तासांनी कूस बदलणे, रात्रीसुद्धा; माकडहाड, टाचा आणि कोपरे रोज पाहणे; चादरीला सुरकुती राहू न देणे. शानभाग यांना भरवणे थांबवावे, या पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. परिचारिका म्हणत होत्या की अरुणा यांना आवडीनिवडी कळतात, माणसे कळतात. समितीने निदान दिले की लक्षणे बहुतांशी पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेटची आहेत. ७ मार्च २०११च्या निकालात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. त्याचबरोबर उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली. या खटल्यावर कायद्याच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले. वैद्यकाच्या बाजूने त्यातला बोचरा भाग वेगळाच आहे: रोज पाहणाऱ्या परिचारिका आणि ठरवून तपासायला आलेले तज्ज्ञ यांच्यात मतभेद झाला तर तो सोडवायचा कशाने?

त्याच सुमाराला जगात या प्रश्नाचे उत्तर तयार होत होते. कॅरोलिन श्नाकर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की डॉक्टरांनी एकमताने ‘व्हेजिटेटिव्ह’ ठरवलेल्या रुग्णांपैकी ४१ टक्क्यांत ठरावीक पद्धतीने तपासल्यावर जाणिवेची चिन्हे सापडली. ती पद्धत म्हणजे कोमा रिकव्हरी स्केल. तिच्यात एक छोटी, कुठल्याही घरात करता येईल अशी कृती आहे. हातात धरायचा आरसा रोग्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतराच्या आत धरायचा, मग हळूहळू डावी-उजवीकडे आणि वर-खाली न्यायचा आणि बुबुळे मागे जातात का पाहायचे. बोट किंवा बॅटरी फिरवून जे दिसत नाही ते आरशाने दिसते, असे २००८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना आढळले: स्वतःचा चेहरा माणसाची नजर सर्वांत चांगली खेचतो. आवाजाचेही तसेच, घंटेपेक्षा स्वतःच्या नावाला प्रतिसाद मिळण्याची शक्यता जास्त. यापुढची पायरी महागडी आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सांगितलेले काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांचे मेंदू एफएमआरआय आणि ईईजीने तपासले, तर ६० जणांचे मेंदू सूचना ऐकून ती आतल्या आत पाळत होते.

आता ध्वनीचा इलाज. कानाला फार तर वीस हजार कंपने ऐकू येतात. इथे सेकंदाला साडेसहा लाख. पोटाच्या सोनोग्राफीला वीस ते पन्नास लाख लागतात, पण इतका बारीक ध्वनी कवटीचे हाड गिळून टाकते, म्हणून इथे तो जाड ठेवतात. कानशिलापाशी हाड पातळ असते. तिथे चहाच्या बशीएवढी चकती लावतात आणि भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणावे तसा ध्वनी आत काही सेंटिमीटरवर एकवटतात. वाटेतल्या पेशींवर ताण येत नाही, ठिपक्यावर दाब पडतो. त्या दाबाने चेतापेशी नेमक्या कशा हलतात यावर अजून एकमत नाही. ही कल्पना जुनी: १९५८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी मांजराच्या मेंदूतला दृष्टीचा मार्ग ध्वनीने काही काळ बंद करून पुन्हा चालू करून दाखवला होता. जाणिवेसाठी थॅलॅमस निवडायचे कारण असे की मेंदूच्या वरच्या थरांना जागे ठेवणारा मार्ग त्याच्यातून जातो. निकोलस शिफ यांनी २००७ मध्ये तिथे शस्त्रक्रियेने तार बसवून सहा वर्षे अर्धजाणिवेत असलेल्या माणसाला बोलते केले होते. ध्वनीने तेच काम कवटी न उघडता होईल, ही आशा. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएमध्ये मार्टिन मॉन्टी यांच्या गटाने २०१६ मध्ये पहिला रुग्ण मांडला: डोक्याला जबर मार लागलेला २५ वर्षांचा तरुण, इजेला १९ दिवस झालेले. दहा मिनिटांत तीस-तीस सेकंदांचे दहा झटके. तीन दिवसांनी त्याला बोललेले सगळे कळू लागले, तो होकार-नकाराला मान हलवू लागला, आणि त्याने डॉक्टरच्या मुठीला मूठ भिडवली.

इथे पहिला आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो मॉन्टींनीही घेतला होता: हा पोरगा तसाही उठला नसता कशावरून? अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने १९९४ मध्ये जुनी आकडेवारी एकत्र केली तेव्हा दिसले की मार लागून महिनाभर व्हेजिटेटिव्ह राहिलेल्या प्रौढांपैकी ५२ टक्के वर्षभरात शुद्धीवर आले होते. इजा मार लागून झालेली नसेल तर अवघे १५ टक्के. चरकाने सांगितलेला आपोआप शमण्याचा भेद तो हाच. १९व्या दिवशीचा माणूस सुधारतच असतो, त्यामुळे एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून त्या गटाने पुढे जुने रुग्ण घेतले आणि २०२१ मध्ये तिघांचा अहवाल दिला. पक्षाघातानंतर १४ महिने अर्धजाणिवेत असलेला ५६ वर्षांचा पुरुष चेंडू धर म्हटले की धरू, सोड म्हटले की सोडू लागला. नातेवाइकाचे नाव घेतले की त्याच्या फोटोकडे पाहू लागला. हृदय थांबून अडीच वर्षे झालेल्या ५० वर्षांच्या बाईंना पेन्सिल, कंगवा यांसारख्या वस्तू ओळखू येऊ लागल्या. तिसऱ्याला, मोटार अपघातानंतर साडेपाच वर्षे तसाच असलेल्या ५८ वर्षांच्या माणसाला, काहीही फरक पडला नाही. बातम्यांनी पहिल्या दोघांना उचलले. जालन्याच्या वाचकाने तिसऱ्याकडे पाहावे, कारण इथल्या घरांत निजून असलेली माणसे बहुतेक त्याच्यासारखी आहेत: रस्त्यावर मार लागलेली आणि वर्षे उलटलेली. तीन रुग्णांवरून इलाज निकामीही ठरत नाही. पण खोटी चकती लावलेला तुलनेचा गट असलेली मोठी चाचणी होऊन ती यशस्वी होईपर्यंत याला इलाज म्हणणे घाईचे आहे, आणि कुणी पैसे घेऊन तो देऊ करत असेल तर ती सरळ फसवणूक.

दुसरा आक्षेप घरच्यांबद्दलचा. राखणीचे एवढे कौतुक कराल तर प्रत्येक आई म्हणेल, माझा मुलगा मला ओळखतो. तिच्या आशेला पुरावा मानायचा का? लॉरींची गोष्ट इथे कामाला येते. घरचा माणूस ठरवून एकाच गोष्टीकडे पाहतो आणि हवे ते त्याला दिसते, हे खरे. तज्ज्ञही दहा मिनिटे पाहून जातो, दुपारी औषधाच्या गुंगीत असलेल्या रोग्याला तपासतो आणि ‘व्हेजिटेटिव्ह’ ठरवताना ४१ टक्के वेळा चुकतो. जाणीव चढते-उतरते, सकाळी असलेली दुपारी नसते. म्हणून पाहणारा रोजचा हवा आणि पाहण्याची पद्धत ठरलेली हवी. आरसा त्याच अंतरावर, सूचना त्याच शब्दांत, चार वेळा, उत्तर न आल्याचीही नोंद तारखेसह. आशा आणि पुरावा यांच्यातला फरक एवढ्या शिस्तीने बराच निघून येतो, आणि त्यासाठी लागणारी वस्तू पाच-पन्नास रुपयांची आहे. केईएममधला मतभेदही याच मार्गाने निदान कमी झाला असता, असे मला वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत रोखठोक: जिथे मेंदूचा सर्जन वेळेवर मिळत नाही तिथे थॅलॅमसच्या गप्पा कशाला? भट्ट्या आणि रोलिंग मिलच्या या शहरात, आणि आता समृद्धी महामार्गाच्या कडेला, डोक्याचे मार कमी नाहीत. देशभरात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची. पहिल्या तासाबाबत मात्र काही घडले आहे, हे मान्य करायला हवे. २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका आहे, २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांची भीती बाळगायचे कारण उरलेले नाही, आणि १९५६ पासून साठेक किलोमीटरवर घाटीचे शासकीय रुग्णालय आहे. सिटी स्कॅन होतो, आतली रक्ताची गाठ काढली जाते, शासकीय योजनेत खर्चही पुष्कळदा निभावतो. त्या योजनेचा हिशेब दाखल होण्यापासून सुट्टीपर्यंतचा. डोक्याचा मार ही पोलीस केस, म्हणून कदीम जालना ठाण्यात नोंद होते. रुग्णालयात केसपेपर होतो. सुट्टी होऊन गळ्यात नळी आणि नाकात नळी घेऊन माणूस घरी आला की तो कुठल्याच वहीत उरत नाही. असईनंतर शिंद्यांच्या जखमींचे झाले तेच: गणती नाही. त्याच्या बाजेपाशी बसते ती बायको, आई किंवा शाळा सुटलेली बहीण. राखणीचा हा भार कुणी वाटून घेत नाही, आणि तिला त्याग वगैरे नावे देऊन तो हलका होत नाही. उलट इथे करण्यासारखे स्वस्त पुष्कळ आहे: हवेची गादी, नळीची काळजी शिकवणारी परिचारिका, सांधे आखडू न देणारा व्यायाम, आणि अमँटाडीन नावाची जुनी गोळी, जिच्यामुळे मार लागलेल्या १८४ रुग्णांच्या २०१२च्या चाचणीत सुधारणेचा वेग वाढलेला दिसला. ती तरी कुणाला लागू पडते आहे हे पाहायला जवळ कुणीतरी लागतेच.

यंत्र आधी आणि राखण नंतर, असे केल्यावर काय होते याचा मराठवाड्यातला दाखला सोनोग्राफीचा. बाळंतीण सांभाळण्याची सोय ज्या गावांत धड नव्हती तिथवर गर्भ पाहण्याचे यंत्र पोचले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा गर्भलिंगनिदानावर कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४चा, आणि तरीही २०११च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. म्हणून आज इथले प्रत्येक सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत आहे, प्रत्येक गरोदर बाईमागे एफ फॉर्म भरावा लागतो, आणि डॉक्टरांना या कागदांचा जाच वाटतो. जाच आहे, कारणही आहे. उद्या मेंदूचे यंत्र आलेच तर ते गर्भ पाहणारे नसेल, पण ध्वनीच्या यंत्राभोवती कुलूप आणि कागद का आले हे या जिल्ह्याला समजावून सांगावे लागणार नाही.

एक आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो मला सर्वांत जड वाटतो: इतकी राखण म्हणजे मरण लांबवणे नव्हे का? काहींच्या बाबतीत आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली, ते योग्यच झाले. पण थांबायचे की चालू ठेवायचे हे ठरवायलाही आत कुणी आहे का ते कळावे लागते. नीट पाहिलेच नाही तर दोन्ही निर्णय अंधारात होतात, आणि घरखर्च संपला म्हणून नळी काढली जाते तेव्हा तो निर्णयही म्हणता येत नाही.

जालन्याला २०२४ मध्ये शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. त्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या अशा दहा महाविद्यालयांचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. आता मेंदूचे यंत्र कधी, असे कुणी विचारील. त्याआधी दुसरी एक सोय हाताशी आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नियमाप्रमाणे एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे वारंवार जावे लागते; रक्तदाब, हिमोग्लोबिन, लसीकरण यांची नोंद करावी लागते. मार लागून अंथरुणाला खिळलेला माणूस ज्या घरात सापडेल तिथे त्या नोंदीत आणखी चार ओळी घालता येतील: इजेची तारीख, आरशामागे नजर जाते का, नावाला प्रतिसाद आहे का, पाठीवर जखम आहे का. वर्ष-दोन वर्षांत जिल्ह्यात अशी माणसे किती, त्यांतली किती आपोआप सुधारली आणि किती बेडसोअरने गेली, हे पहिल्यांदा कागदावर येईल. ध्वनीच्या इलाजाची मोठी चाचणी भारतात कधी निघालीच, तर तिला आधी हाच कागद लागेल. आणि ती निघेपर्यंत गादी कुणाला द्यायची आणि परिचारिका कुठल्या वाडीवर पाठवायची, हे त्यावरूनच ठरवता येईल.